पावती फाडली, आता फॉर्मात काय लिहायचे?

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हाती साक्षांकनाचा फॉर्म पडतो. वडिलांचे नाव, गेल्या काही वर्षांतले पत्ते, शाळा-कॉलेज असे भराभर लिहीत गेलेला पेन एका ठिकाणी येऊन अडखळतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? कधी खटला भरला गेला आहे का? वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला गेला आहे का? न्यायालयाने कधी दंड केला आहे का? कधी दोषी ठरवले आहे का? आज एखादे प्रकरण कोर्टात चालू आहे का? प्रत्येक प्रश्नापुढे 'हो' किंवा 'नाही' एवढीच जागा. आणि फॉर्मच्या अगदी वर इशारा असतो, की खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल.

केंद्राच्या नोकऱ्यांत हा फॉर्म वर्षानुवर्षे जवळपास याच शब्दांत चालत आला आहे. भुसावळ विभागात रेल्वेत लागणारा, वरणगाव किंवा भुसावळच्या आयुध निर्माणीत लागणारा, केंद्रीय राखीव पोलीस दलात जाणारा, सगळ्यांची गाठ त्याच्याशी पडते. राज्याच्या साक्षांकन नमुन्यातही याच वळणाचे प्रश्न असतात. खून, दरोडा, फसवणूक यांत अडकलेल्या माणसाला त्यांचे उत्तर देताना गोंधळ होत नाही. गोंधळतो तो अजिंठा चौफुलीवर ट्रिपल सीट सापडलेला किंवा धुळ्यात पारोळा रोडला उलट बाजूने गाडी घातलेला पोरगा. त्याने दंड भरलेला असतो, पण तो कोणाला भरला, पोलिसाला की कोर्टाला, हे त्याला ठाऊक नसते. आणि फॉर्मातल्या उत्तराचा सगळा खेळ तिथेच आहे.

खान्देशात मोटारसायकलविना भरतीची तयारीही होत नाही. पहाटे मेहरूण तलावावर धावायला जायचे, दुपारी अभ्यासिकेत, संध्याकाळी क्लासला, आठवड्यातून एकदा गावी. बांभोरीला विद्यापीठात किंवा इंजिनीअरिंगला जायचे तर महामार्गच धरावा लागतो. सुरत-नागपूरचा हा रस्ता जळगाव शहराच्या पोटातून जातो आणि आकाशवाणी चौकात शहरातली दुचाकी व गुजरातेतून आलेला ट्रक एकाच सिग्नलला उभे राहतात. धुळ्यात तर जुने ३, ६ आणि २११ क्रमांकाचे तिन्ही राष्ट्रीय महामार्ग एकत्र येत. अशा गावात विशीतल्या मुलाच्या नावावर एकही पावती फाडलेली नसेल, तर एक तर तो फार सरळ आहे किंवा गाडी काकांच्या नावावर आहे.

काकांचा उल्लेख गमतीचा नाही. ई-चलन माणसाच्या नावाने निघत नाही, गाडीच्या नंबरावर निघते. कॅमेऱ्यात एमएच-१९ किंवा एमएच-१८ची पाटी टिपली जाते आणि मेसेज जातो तो आरटीओत नोंदलेल्या मोबाईलवर. तो नंबर वडिलांचा असतो, दोन सिमकार्डांपूर्वीचा असतो, कधी गाडी विकणाऱ्या पहिल्या मालकाचा असतो. गाडी चालवणाऱ्या मुलाला चलन झाल्याचे वर्षभराने, गाडी विकायला काढल्यावर कळते. तेव्हा चलनांची यादी हातभर झालेली असते.

आधी कायदा सरळ करून घेऊ. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम २००नुसार हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे, वेगमर्यादा ओलांडणे, परवान्याविना गाडी चालवणे अशा बऱ्याच गुन्ह्यांत वाहतूक पोलीस किंवा आरटीओचा अधिकारी ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण तिथेच मिटवू शकतो. कायद्याच्या भाषेत ही तडजोड. रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे कोणतीही कारवाई करता येत नाही, असे कायदाच म्हणतो. चौकात मशिनमधून निघालेली पावती असो की मोबाईलवरून भरलेले ई-चलन, ते या वर्गात मोडते. त्यात ना न्यायाधीश असतो, ना खटला, ना दोषसिद्धी. तेव्हा 'न्यायालयाने दंड केला आहे का' या प्रश्नाला अशा उमेदवाराने 'नाही' लिहिले तर ते खोटे ठरत नाही.

प्रकरण कोर्टात गेले की मात्र चित्र पालटते. चलन थकले आणि समन्स निघाले, कोर्टात जाऊन गुन्हा कबूल केला, पाचशे रुपये भरले आणि शिपायाने पावती दिली, तर तो न्यायालयाचा दंड आहे. कलम २०८ने तर पोस्टाने गुन्हा कबूल करून पैसे पाठवण्याचीही सोय ठेवली आहे. तशी कबुली दिली की पुढची कार्यवाही थांबते, परवानाही रद्द होत नाही. पण कबुली न्यायालयापुढचीच राहते. २०२० साली नागपूर जिल्ह्यात काटोलला वाहतूक प्रकरणांसाठी व्हर्च्युअल कोर्ट सुरू झाले. तिथे माणूस घरबसल्या दंड भरतो आणि त्याला वाटते, आपण वीजबिल भरले तसेच हे. पण पडद्यामागे दंडाधिकारी बसलेला असतो. फॉर्मातला प्रश्न शब्दशः वाचला तर हाही न्यायालयाचा दंड. दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण, म्हणजे कलम १८५, तडजोडीत मिटतच नाही. ते कोर्टातच जाते. ३१ डिसेंबरच्या रात्री पकडले गेलेल्या आणि कोर्टात दंड भरलेल्या मुलाने फॉर्मात 'हो' लिहायचे की 'नाही', यावर चर्चेला जागाच नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो किरकोळ अपघातात. महामार्गावर दुचाकी दुचाकीला घासते, एखाद्याचा हात मोडतो. दोन्ही गावांतली मोठी माणसे बसतात, दवाखान्याचा खर्च दिला जातो, चहा होतो. मिटले. तरीही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदलेला असतो, कारण जखमीला मोटार अपघात न्यायाधिकरणात विमा कंपनीकडे भरपाई मागायची तर एफआयआरचा कागद लागतो. म्हणजे कधीकधी वैर म्हणून नव्हे, विम्याची सोय म्हणून मुलगा आरोपी होतो. कलम लागते भरधाव, निष्काळजी गाडी चालवल्याचे. जुन्या दंडसंहितेत ते २७९ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २८१ झाले. हे कलम पक्षकारांना आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. गावाने मिटवले तरी कायद्यात ते मिटलेले नसते.

मग दोन-चार तारखा होतात. धुळ्याहून किंवा चोपड्याहून दर तारखेला कोण येणार? कोणीतरी सल्ला देतो, की कबूल करून टाक, हजारभर रुपये दंड होईल, आजच सुटशील. मुलगा कबूल करतो, सुटतो आणि विसरतो. त्या दिवशी दुपारी बारा वाजता आपल्याला एका फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले गेले, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तीन वर्षांनी तो लेखी, ग्राउंड, मेडिकल सगळे पार करतो. नेट कॅफेत ऑनलाइन अर्ज भरताना 'गुन्हा दाखल आहे का' या चौकटीत कॅफेवाल्याने कधीच 'नाही' निवडलेले असते. विचारायची पद्धतच नाही. पडताळणीत पोलीस ठाण्याच्या संगणकात नाव सापडते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतून हे सुटलेले नाही. १९९६ साली पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य हे प्रकरण न्यायालयापुढे आले. चतुर्थ श्रेणीतला कर्मचारी, सार्वजनिक जागी असभ्य वर्तनाबद्दल दंडसंहितेच्या कलम २९४खाली संक्षिप्त खटल्यात दोषी, दंड वीस रुपये. त्या वीस रुपयांपायी त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाने ती परत दिली, पण तेवढ्यावर थांबले नाही. देशभरात हजारो माणसे रोज अशा छोट्या कोर्टांत उभी राहतात, कटकट नको म्हणून कबुली देतात आणि थोडा दंड भरतात. त्यांत वाहतुकीचे गुन्हे सर्वांत पुढे असतात आणि करणारे बहुतेक तरुण, अननुभवी असतात, असे निरीक्षण त्या निकालात आहे. अशा दंडाने माणसाचे अख्खे आयुष्य उधळले जाऊ नये, म्हणून साधारण दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ही सरकारी नोकरीच्या बाबतीत दोषसिद्धीच मानू नये, अशी तरतूद संसदेने विनाविलंब करावी, असे न्यायालयाने सुचवले.

त्याला जवळपास तीन दशके होत आली. सरसकट लागू होईल अशी तरतूद आजही नाही.

तरतूद नाही म्हणून न्यायालये आपापल्या परीने वाट काढत राहिली. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या संदीप कुमारने मारामारीचे जुने, आपसात मिटलेले प्रकरण अर्जात लिहिले नव्हते. २०११ साली न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी त्याच्या बाजूने निकाल देताना पावाच्या तुकड्यासाठी आयुष्यभर चोर ठरलेल्या, कादंबरीतल्या ज्याँ व्हाल्ज्याँची आठवण काढली. तरुणपणी माणूस चुकतो, असा तो सूर होता. दुसरीकडे इतर खंडपीठे म्हणत होती, की मूळ गुन्हा लहान असेल, पण लपवणे हा आजचा दोष आहे; जो फॉर्मवर खोटे लिहितो त्याच्या हाती वर्दी कशी द्यायची? दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि म्हणूनच गोंधळ वाढत गेला.

२१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा पसारा आवरला. आज भरतीच्या प्रत्येक वादात याच निकालाचा दाखला दिला जातो. त्याचे सार असे, की माहिती खरीच द्यायची. प्रकरण क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुण वयात घोषणा दिल्याचे, तर ते लपवल्याकडेही नोकरी देणारा काणाडोळा करू शकतो. मात्र खरे सांगितले म्हणून नोकरी द्यायलाच हवी असेही नाही. पूर्वचारित्र्य बघण्याचा मालकाचा हक्क राहतो. अनेक प्रलंबित गुन्हे जाणूनबुजून दडवले तर ती गोष्ट गंभीर. नोकरीत कायम झालेल्याला चौकशीशिवाय काढता येणार नाही. आणखी दोन मुद्दे आहेत, ज्यांची भरतीच्या क्लासेसमध्ये चर्चा होताना दिसत नाही. पहिला, फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा. जे स्पष्टपणे विचारले तेवढेच सांगण्याचे बंधन. दुसरा, माहिती दडवली असा ठपका ठेवण्याआधी उमेदवाराला ती माहिती होती हे दिसायला हवे. जुन्या सिमकार्डावर गेलेल्या चलनाला आणि घरी न पोचलेल्या समन्सला हा दुसरा मुद्दा अगदी चपखल बसतो. पहिल्याचे उदाहरण त्याआधीच, २००५ साली आंध्र प्रदेशच्या एका पोलीस उमेदवाराच्या प्रकरणात घडून गेले होते. त्याच्या फॉर्मात 'शिक्षा झाली आहे का' असे विचारले होते, चालू खटल्याबद्दल नव्हे. खटला चालू असल्याचे त्याने लिहिले नाही म्हणून त्याला खोटारडा ठरवता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

तरी २०१६नंतरही निकाल दोन्हीकडे जात राहिले. २०२२च्या मे महिन्यात रेल्वे सुरक्षा दलातल्या एका कॉन्स्टेबलला (योगायोगाने त्याचेही नाव पवन कुमार) क्षुल्लक प्रकरण न सांगितल्याबद्दल काढणे न्यायालयाला मनमानी वाटले. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या सतीश चंद्र यादव यांच्या प्रकरणात न्यायालयाने कडक भूमिका घेतली, की वर्दीच्या नोकरीत विश्वासार्हतेचा निकष वरचाच राहणार. तेव्हा 'कोर्ट सोडून देते' या भरवशावर फॉर्म भरणे शहाणपणाचे नाही. धुळे-जळगावच्या मुलासाठी त्यात वेगळाच हिशेब आहे. राज्याच्या नोकरीचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, मग उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे. अजिंठ्याचा घाट किंवा कन्नडचा घाट चढून तारखेला जायचे, वकिलाची फी द्यायची आणि निकाल लागेतो वयोमर्यादा उलटू द्यायची. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. यादीत आलेले नाव एकदा बाहेर पडले की त्या जागेवर उभा राहायला मागे रांग तयार असते.

मग सगळेच लिहावे का? काही सल्लागार तसे सांगतात, की हेल्मेटची पावतीसुद्धा जोडा, जास्तीचे सांगून कोणाचे नुकसान झाले नाही. हा सल्ला भित्रा आहे आणि चुकीचाही. तडजोडीत मिटलेले चलन गुन्ह्याच्या रकान्यात लिहिले की पडताळणी करणाऱ्या कारकुनापुढे 'हो' लिहिलेला फॉर्म जातो आणि फाईल वेगळ्या गठ्ठ्यात पडते. विचारले तेवढे, पण तेवढे पूर्ण लिहावे. कोर्टाने दंड केला असेल तर तारीख, कोर्ट, कलम आणि रक्कम घालून. एफआयआर असेल तर निर्दोष सुटलो तरी, खटला मागे घेतला गेला तरी, कारण प्रश्नात 'कधी' हा शब्द आहे. ऑनलाइन अर्जात एक आणि साक्षांकन नमुन्यात दुसरे असे झाले असेल तर पडताळणीची वाट न पाहता स्वतःहून लेखी कळवावे. वयाच्या अठराव्या वर्षाआधीची गोष्ट वेगळी आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम २४नुसार त्या वयातल्या दोषसिद्धीने सहसा कोणतीही अपात्रता येत नाही, आणि २०१९ साली रमेश बिश्नोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व नोकरीला लावले. पण दहावीतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या बापांनी २०१९ची दुरुस्तीही वाचावी. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चालक पोलीस शिपाई व्हायचे स्वप्न असेल तर तयारीची सोन्यासारखी वर्षे त्यातच जातात.

'किरकोळ' हा शब्द फार उदार हाताने वाटला जातो, हेही खरे. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला भरधाव गाडीचा गुन्हा किरकोळ नसतो. एसटीच्या चालकपदासाठी अर्ज करणाऱ्याने नशेत गाडी हाकल्याचा दंड भरला असेल तर महामंडळाने ते पाहायलाच हवे. चाळीस प्रवासी त्याच्या हवाली होणार आहेत. तलाठ्याच्या किंवा कारकुनाच्या नेमणुकीत त्याच दंडाला तेवढे वजन नाही. पद कोणते आणि गुन्हा कोणता, याची सांगड घालायला २०१६च्या निकालानेही सांगितले आहे. ती घालायची तर फॉर्मने आधी दोन्हींत फरक करायला हवा. आजचा फॉर्म दरोड्याची शिक्षा आणि नो-एंट्रीचा कोर्टातला दंड एकाच 'हो'मध्ये कोंबतो.

हे बदलणे अवघड नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या नोकरीसाठी जो घोषणाफॉर्म भरावा लागतो, त्यातच छापलेले असते की ३०० डॉलरपर्यंतचे वाहतुकीचे दंड सांगू नका. इंग्लंडमध्ये १९७४च्या कायद्याने दोषसिद्धीला मुदत घातली आहे. कोर्टाने केलेला साधा दंड आज सामान्यतः एका वर्षाने आणि परवान्यावर शेरा बसला असेल तर पाच वर्षांनी जुना मानला जातो, आणि बहुतेक नोकऱ्यांत तो सांगावा लागत नाही. आपल्याकडेही अशा गुन्ह्यांचा पोरांच्या भविष्याशी संबंध आहे हे सरकारला कळत नाही असे नव्हे. लॉकडाऊनमध्ये घराबाहेर पडल्याबद्दल जुन्या दंडसंहितेच्या कलम १८८खाली नोंदवलेले गुन्हे २०२२ साली राज्य सरकारने मागे घ्यायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थ्यांना नोकरी आणि पासपोर्टसाठी येणारी अडचण हेच कारण पुढे होते. त्या वेळी एका कलमापुरते जे सुचले, ते कायमचे करता येते.

सामान्य प्रशासन विभागाने साक्षांकन नमुन्यात दोन ओळी छापाव्यात. मोटार वाहन कायद्याखाली तडजोडीने भरलेला दंड लिहू नये, ही पहिली. वाहतुकीच्या प्रकरणात न्यायालयाने केवळ दंड केला असेल तर तो वेगळ्या रकान्यात लिहावा आणि चालकपद सोडून इतर पदांसाठी तो अपात्रतेचे कारण मानला जाणार नाही, ही दुसरी. नशेत गाडी चालवणे आणि माणूस मरण पावलेला अपघात या सवलतीबाहेर. त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. शासन निर्णय पुरेसा आहे. फक्त रकमेची मर्यादा ठरवताना १९९६चा आकडा तसाच उचलू नये. तेव्हा दोन हजार ही मोठी रक्कम होती. आज महाराष्ट्रात परवान्याविना गाडी चालवताना सापडलेल्याला पाच हजार मोजावे लागतात.